शेवटचं रीळ दोनदा

लंडनजवळ वॉटफर्डच्या आमच्या घरात सिंकच्या मागे खिडकीची एक अरुंद फळी होती. तिच्यावर बाटल्या धुवायचा ब्रश, तारेची घासणी आणि एक पांढरा कप असायचा. कपावर समुद्रात लांबवर गेलेल्या लाकडी धक्क्याचं चित्र होतं आणि कानाशी टवका उडालेला होता. बाकीचे कप कपाटात हुकांना टांगलेले. हा एकटा बारा महिने फळीवर. आई त्याला 'बाहेरचा' म्हणायची. खिडक्या पुसायला येणारा रॉन, बॉयलर बघायला येणारा माणूस, गालिचा टाकायला आलेले दोघे, सगळ्यांना चहा त्यातूनच. दोघे एकदम आले तर दुसऱ्याला मुरांब्याच्या रिकाम्या बरणीतून. रॉन बिचारा खूश असायचा. "माय ओन कप, लव्हली," असं म्हणून तो पायरीवर बसून चहा प्यायचा, आणि आम्ही आत हसायचो. परवा ब्रॅकनेलला माझ्या नातीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आजी, दॅट्स डिसगस्टिंग. तो कप कुठे आहे आता? मला बघायची आहे." तिचं मराठी असंच आहे, पण निदान किळस योग्य ठिकाणी येते. माझी किळस लहानपणी चुकीच्या ठिकाणी जाऊन बसली, आणि तिथून ती उठवायला मला जन्म लागला. उठली की नाही, हे शेवटी सांगते.

बाबा दातांचे डॉक्टर. हाय स्ट्रीटवर त्यांची सर्जरी, म्हणजे दवाखाना, होती. घरी आले की त्यांच्या बोटांना लवंगेच्या तेलाचा वास यायचा, आणि त्याच बोटांनी ते माझ्या गालाला चिमटा काढायचे. मला तो वास आवडायचा. आता कुणी लवंग चावली तरी मी खोलीबाहेर जाते. बाबा दिसायला देखणे, बोलायला गोड, आणि मराठी मंडळाच्या सभेत समतेवर बोलायला उभे राहिले की बायका पदराने डोळे पुसत. "आपण बोटीतून उतरलो तेव्हाच जातपात मागे ठेवून आलो," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आम्ही विमानाने आलो होतो, पण ते असो. घरात आई, मी, आजोबा गेल्यावर पुण्याहून आलेली आजी, आणि बाबांची धाकटी बहीण शालूआत्या. आत्या चोविशीची, कौन्सिलच्या ऑफिसात टायपिंग करायची, आणि माझ्या खोलीतच झोपायची. आजीला इंग्रजी येत नव्हतं आणि ते शिकायची तिची इच्छाही नव्हती. दूधवाल्याशी ती मराठीत बोलायची, आणि तोही 'येस लव्ह' म्हणत हवं तेवढंच दूध ठेवून जायचा.

महिन्यातून एका रविवारी दुपारी आमच्या फ्रंट रूममध्ये सिनेमा असायचा. हिंदी सिनेमाची रिळं मिळायला फार खटपट करावी लागे, म्हणून एका फिल्म लायब्ररीतून जुने मुके अमेरिकन सिनेमे यायचे. पडदे ओढायचे, भिंतीवर चादर लावायची, सोफे मागे सरकवायचे. आसपासच्या दहाबारा बायका यायच्या, नवरे मागे उभे राहून पेंगायचे. मधून मधून पडद्यावर इंग्रजी पाटी यायची, आणि आजीसकट अर्ध्या जणींना ती वाचता येत नसल्यामुळे बाबा चादरीशेजारी स्टुलावर बसून ती मराठीत सांगायचे. सांगायचे म्हणजे काय, रचायचेच. मॉलीची मालती व्हायची, कर्नलचे रावबहादूर व्हायचे. चुंबन आलं की बाबा म्हणत, "आता तो तिच्या प्रकृतीची चौकशी करतो आहे," आणि बायका तोंडात पदर कोंबून हसत. मला वाचता येत होतं, त्यामुळे पाटीवरचं आणि बाबांचं यांत किती अंतर आहे हे फक्त मला कळायचं, आणि त्याचा मला अभिमान होता. माझे बाबा कुठल्याही गोष्टीचं काहीही करू शकतात, असं वाटायचं. ते खरंच होतं.

या रविवारांची आमची एक रीत पडली होती. शेवटचं रीळ लागलं की आईला तळणीची आठवण यायची. ती उठली की तिच्यामागे चारजणी मदतीला उठायच्या, आणि नेमका शेवट त्यांचा चुकायचा. मग बटाटेवडे, सुरळीच्या वड्या, शिरा असं सगळं ताटल्यांतून मांडीवर आलं की शेवटचं रीळ पुन्हा लागायचं. दुसऱ्यांदा कोणी पाट्या सांगायचं नाही, कारण गोष्ट तोवर स्वयंपाकघरात सांगून झालेली असे. वडा चघळत, मशीनची टरटर ऐकत, माणसं दुसऱ्यांदा तोच गोड शेवट बघायची. आईच्या सुरळीच्या वड्यांसाठी बेसन साउथॉलहून यायचं आणि सकाळभर ती ताटांच्या पाठीवर ते पीठ पसरत असायची. इतक्या पातळ वड्या मी नंतर कुठे खाल्ल्या नाहीत. माणसाचा हात चांगला असला म्हणून माणूस चांगला असतोच असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

मशीन चालवायला दिनकर यायचा. तो एका कॉलेजात प्रोजेक्टर सांभाळायचा आणि रविवारी आमच्यासाठी एक मशीन उचलून आणायचा. सडपातळ, सावळा, बोटं लांब. रीळ अडकलं तर ओरडायचा नाही, फुंकर घालून सोडवायचा. तो पहिल्यांदा आला त्या दिवशी आईने त्याच्यासाठी कपाटातला निळ्या फुलांचा कप काढला होता. चहा गाळायला सुरुवात झाली आणि फ्रंट रूममधून आजीचा आवाज आला, "गाव कुठलं म्हणायचं तुमचं?" त्याने साताऱ्याकडचं एक गाव सांगितलं. आजी म्हणाली, "अगंबाई, आमचं माहेर त्याच बाजूचं. गावात घर कुठल्या आळीत?" तो म्हणाला, "आळीत नाही आजी. गावाबाहेर, ओढ्यापलीकडे." त्याने हे अगदी सरळ सांगितलं, बस कुठे थांबते हे सांगावं तसं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आईने गाळणी खाली ठेवली, निळा कप हुकाला परत टांगला, आणि फळीवरचा कप विसळायला घेतला. दिनकरने तो चहा घेतला, चित्र बघितलं, आणि "धन्यवाद, वहिनी" म्हणाला. त्यानंतर दोन वर्षं तो त्याच कपातून प्यायला. बाबांनी हे पाहिलं नव्हतं असं नाही. तो कप एकदा त्यांनी स्वतः त्याच्या हातात दिला होता, पाठीवर थाप मारत.

आत्याचं आणि त्याचं कधी जुळलं ते मला माहीत नाही. मला कळलं तेव्हा मी त्यांची सबब झाले होते. शनिवारी "नंदूला पार्कमध्ये नेते" असं सांगून आत्या मला घेऊन निघायची आणि तळ्याकाठच्या बाकावर दिनकर आधीच येऊन बसलेला असायचा. मला बटाट्याचे गरम चिप्स मिळायचे, व्हिनेगर घालून, कागदात. ते दोघं काही विशेष करत नसत. तो मशीनबद्दल बोलायचा, ती ऑफिसातल्या सुपरवायझरच्या नकला करायची. आत्या घरी अशी हसत नसे. एका शनिवारी हाडं गारठवणारी थंडी होती. दिनकरने फ्लास्क उघडला, झाकणात चहा ओतला, स्वतः एक घोट घेऊन कडक आहे का बघितलं, आणि झाकण माझ्या हातात दिलं. "घे नंदा, गरम आहे." मी प्यायले. चहा चांगला होता, आल्याचा. घरी येऊन मी सरळ बाथरूममध्ये गेले आणि साबणाने तोंड आतून धुतलं. मला कोणी तसं शिकवलं नव्हतं. कोणी कधी म्हटलं नव्हतं की याचं उष्टं घेऊ नकोस. फळीवरच्या त्या एका कपाने ते काम न बोलता केलं होतं. जिभेवर साबणाचा फेस, आणि त्याबद्दल जराही लाज नाही. मी अकरा वर्षांची होते, वाचनात शाळेचं बक्षीस घेतलेली, आणि अशी घाण माझ्यात बिनबोभाट भरून झाली होती. माझ्या रागाचं कारण कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

आत्याने शेवटी बाबांना सांगितलं. मी जिन्यावर बसून ऐकलं. मला वाटलं बाबा चिडतील, पण ते हसले. "अगं शालू, मी कोण नाही म्हणणारा? माझी मतं तुला माहीत आहेत. फक्त आईला दुखवून मी काही करणार नाही. तिने हो म्हणू दे, मी स्वतः उभा राहून लग्न लावतो." आत्याला ते खरं वाटलं. आजी स्वभावाने कडवट नव्हती. गोष्टींना ती फार लवकर विरघळायची. सिनेमात कुणी अनाथ दिसलं की तिचा पदर ओला. म्हणून आत्याने आणि दिनकरने मिळून पुढच्या रविवारचा सिनेमा निवडला. आत्याने मला झोपताना सांगितलं, "नंदू, या वेळचा पिक्चर आजीसाठी आहे." तिचा आवाज इतका आनंदी होता की मला थोडी भीती वाटली.

सिनेमा असा होता. गिरणीमालकाचा एकुलता एक मुलगा, आणि लॉन्ड्रीत कपडे धुणारी एक मुलगी. कडक इस्त्रीचे सदरे पोचवायला ती बंगल्यावर जाते, मागचं दार सापडत नाही म्हणून पुढच्या दाराने शिरते, आणि मेजवानीला आलेली पाहुणी समजून तिला लोक नाचायला नेतात. हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. मग मुलाच्या आईला कळतं ही कोण, आणि ती तिला नोकरांसमोर हाकलून देते. इथे देवकाकू ढसाढसा रडल्या. देवकाकू म्हणजे आमच्या दोन घरं पलीकडच्या, ज्यांनी स्वतःच्या मुलाच्या मैत्रिणीला उंबरा ओलांडू दिला नव्हता. अंधारात भिंतीवर दुसऱ्याची पोरगी असली की रडायला फार सोपं जातं. ही जात मी पुढेही खूप पाहिली. आजही आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्थळं येतात, 'जातीची अट नाही, कुटुंब आपल्यासारखं सुसंस्कृत हवं', आणि खाली वीस जण हात जोडतात.

शेवटच्या रिळात ती म्हातारी आई गाडी सोडून पायी लॉन्ड्रीत येते. सगळीकडे वाफ, दोऱ्यांवर चादरी. ती उलट्या ठेवलेल्या टबावर बसते. मुलगी घाबरून तिला चहा देते, कान तुटलेल्या कपात, कारण तिच्याकडे दुसरा नसतो. पाटी येते, मुलगी म्हणते, "बाईसाहेब, माझ्या बापाचं नाव कुठल्याही दारावर लिहिलेलं नाही." म्हातारी चहा पिते. आपल्या गळ्याजवळची हिऱ्याची पिन काढून मुलीच्या ओल्या एप्रनला लावते. आणि शेवटची पाटी, "मी मुलगी मागायला आले आहे. कोणाची मुलगी, ते विचारायला नाही." एवढंच. हे मी आता जसं लिहिलं तसंच त्या पाट्यांवर होतं. मी ते वाचलं आणि बाबांकडे बघितलं. बाबांनी घसा साफ केला आणि आवाज हळवा करून म्हणाले, "बाईसाहेब म्हणतात, पोरी, ही पिन ओळखलीस का? याच पिनेची जोडी तुझ्या पाळण्याला होती. तू परटीण नव्हेस, तू आमच्या दिवाणांची लहानपणी हरवलेली लेक. मालती, तुझं रक्त लपलं नाही!"

खोलीत उसासे पडले. आजी अंधारात म्हणाली, "तरीच. चालण्यावरूनच कळत होतं." मशीनची टरटर चालू होती. दिनकरला इंग्रजी माझ्याहून चांगलं येत होतं, आणि तो चादरीकडे बघत होता. आत्या दारात ट्रे घेऊन उभी होती आणि तिचा चेहरा पाहवत नव्हता. तिने तिथेच ओरडायला हवं होतं असं वाटेल. पण ती काय ओरडणार? दहाबारा बायकांसमोर, स्वतःच्या लग्नासाठी, थोरल्या भावाला खोटं पाडणार? बाबांना हे पक्कं माहीत होतं. त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, कोणाला दुखवलं नव्हतं, फक्त एक गोष्ट जरा सुधारून सांगितली होती. माणसाला शिवी देणारा माणूस मला परवडतो. हा असा गोडव्याने गळा दाबणारा नको. बाबांना जाऊन आता कित्येक वर्षं झाली, आणि त्यांच्या फोटोला मी हार घालते, पण त्या स्टुलावरच्या माणसाची मला शिसारी येते, ती आली की आवरत नाही.

दिवे लागले, ताटल्या आल्या. दिनकर रीळ उलटं गुंडाळत होता. रिवाजाप्रमाणे तो म्हणाला, "शेवटचं परत लावतो." आणि आजी म्हणाली, "लाव. पण मला ते पाळण्याचं नीट कळलं नाही. या वेळी वाचूनही दाखवा."

बाबांच्या तोंडात घास होता. ते उठायला लागले तर आजीने हाताने खाली बसवलं. "तू खा वसंता, सकाळपासून बोलतो आहेस. नंदू वाचेल. तिला बक्षीस मिळालंय ना वाचनाचं?"

मी स्टुलावर जाऊन बसले. स्टूल अजून गरम होतं. आत्या वड्यांचा ट्रे फिरवत माझ्याजवळ आली, वाकली, आणि अगदी हळू म्हणाली, "नंदू, पाटीवर आहे तेच वाच. बाकी काही नको." दिनकरने रीळ चढवलं, एकदा माझ्याकडे बघून मान हलवली, आणि दिवा घालवला.

वाफ आली, चादरी आल्या. म्हातारी टबावर बसली. बाबांनी डोळे वटारले असते तर आज मला सबब असती. पण ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, वडा चटणीत बुडवत होते. मला कोणाचीही भीती नव्हती, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. पडद्यावर त्या म्हातारीने तुटका कप ओठाला लावला आणि माझ्या जिभेवर साबणाची चव आली. मला फ्लास्कचं झाकण दिसलं. वाटलं, मी जर ते वाचलं, तर हा माणूस आमच्या टेबलाशी बसेल. निळ्या फुलांच्या कपातून चहा पिईल, तो कप मग माझ्याकडे येईल, आणि मला त्याला काका म्हणावं लागेल, आणि शनिवारचे चिप्स नव्हे तर रोजचं जेवण त्याच्याबरोबर. पाटी आली. मी शाळेत वाचते तशा खणखणीत आवाजात म्हटलं, "पोरी, ही पिन तुझ्या पाळण्याची. तू दिवाणांची हरवलेली लेक आहेस."

"असंच लिहिलंय ना गं?" आजीने विचारलं.

"हो आजी. असंच."

रीळ संपलं. फिल्मचं शेपूट चाकावर टप टप आपटत राहिलं आणि दिनकरने मशीन बंद केलं नाही. बराच वेळ ते तसंच वाजत होतं, चादरीवर नुसता पांढरा उजेड. शेवटी कोणीतरी दिवा लावला. देवकाकू म्हणाल्या, "काय गोड आवाज आहे हो पोरीचा, डॉक्टर, अगदी तुमच्यावर गेलीय." बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लवंगेचा वास आला, आणि मला आनंद झाला. हे लिहिताना हात थांबतो, पण खरंच आनंद झाला. आईने दिनकरला चहा दिला, त्याच कपात. तो कप घेऊन स्वयंपाकघरात गेला, भरलेला कप त्याने खिडकीच्या फळीवर घासणीच्या शेजारी ठेवला, मशीन उचललं आणि निघून गेला. पुढे तो उत्तरेकडे कुठेतरी कामाला लागला असं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने आजीला दिनकरबद्दल विचारलं. आजी म्हणाली, "शालू, सिनेमातली पोरगी शेवटी बरोबरीची निघाली. हा कुठे निघणार आहे?" बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. तीन वर्षांनी आत्याचं लग्न बाबांनी शोधलेल्या लेस्टरच्या इंजिनियरशी झालं. दोन मुलं झाली. वाईट चाललं असं म्हणता येणार नाही.

मी युनिव्हर्सिटीतून सुट्टीला घरी आले असताना एकदा आजीबरोबर मटार सोलत होते, आणि मला ते सहन होईना म्हणून सांगून टाकलं. "आजी, ती मुलगी परटीणच होती. पाटीवर पाळणा वगैरे काही नव्हतं. म्हातारी म्हणते, कोणाची मुलगी हे विचारायला मी आले नाही." आजीच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, "वसंतावर माझा विश्वास असता, तर तुला कशाला वाचायला लावलं असतं?" त्यानंतर तिने शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "आता शालूला काही बोलू नकोस. तिचा संसार चाललाय." आजीला हे कधीच सुचलं नाही की शालूला वाचता येत होतं.

मागच्या महिन्यात मी आत्याकडे गेले होते. ती एकटीच आहे आता, परत वॉटफर्डला, वृद्धांसाठी बांधलेल्या फ्लॅट्समध्ये, अंघोळ-जेवणाला केअरर पोरी येतात. डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नाही. माझ्या नातीने तो सिनेमा कुठूनतरी शोधून टॅब्लेटवर घालून दिला होता. आत्याला विचारलं, लावू का? ती म्हणाली, "लाव. मला चित्रं हलताना कळतात. पाट्या तू वाच." आम्ही शेजारी बसून बघितला. सदरे, नाच, वाफ. शेवटची पाटी आली आणि पन्नासएक वर्षांनी मी ती जशीच्या तशी मराठीत वाचली. आवाज चिरकला. मला वाटलं ती रडेल, किंवा मला काहीतरी बोलेल. मला तिची बोलणी खायची होती, मी त्यासाठीच गेले होते.

"तेव्हा तुझा आवाज फार छान लागला होता," आत्या म्हणाली. "सगळ्या म्हणत होत्या." मग थोड्या वेळाने, "चहा टाक. आलं फ्रिजच्या दारात आहे."

मी स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं, आलं किसलं. कप कुठे असतात ते मला माहीत नव्हतं, सिंकच्या मागे खिडकीत एक होता, पिवळा, चांगला धुतलेला, म्हणून तोच उचलला. उचलताना तो खिडकीत खणकला, त्याबरोबर बाहेरून आत्याने हाक मारली. तिला दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

"नंदू, खिडकीतला घेऊ नकोस हं. तो त्या केअरर पोरींचा आहे. आपले वरच्या कपाटात."

कप जिथे होता तिथे ठेवला, वरचं कपाट उघडलं, दोन कप काढले. आणि चहा गाळायच्या आधी, का ते विचारू नका, नळ सोडून मी हात धुतले.